हार्डवेअर फिजिक्स चालू ठेवायचं की बंद? नव्या कॉम्प्युटरवर जुना खेळ अडखळतोय

कृष्णाकाठ (सांगली)
१३ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा पाल्हाळाचा आहे. पण अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवटच येतील, म्हणून सगळं लिहितो.

माझ्याकडे २०१७ साली जुळवून घेतलेला कॉम्प्युटर आहे. आय५ ७४०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४ जीबीचं. मधे एकदा पॉवर सप्लाय बदलला, बाकी तक्रार नाही. भाच्याने या दिवाळीत नवा घेतला: रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०६०. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासही त्यावरच, खेळही त्यावरच.

मला जुने खेळ आवडतात, त्यातही मिरर्स एज. पीसीवर तो जानेवारी २००९ मध्ये आला. पांढरंशुभ्र शहर आणि गच्च्यांवरून पळणारी मुलगी. त्याच्या सेटिंगमध्ये फिजएक्स नावाचा एक पर्याय आहे. हेच हार्डवेअर फिजिक्स: वस्तू कशा पडतील, हलतील याचं गणित खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्यायचं. तो चालू असला की फुटलेल्या काचेचे तुकडे खरोखर जमिनीवर पडतात, घरंगळतात. बांधकामावर टांगलेलं प्लॅस्टिक वाऱ्याने हलतं आणि गोळी लागली की फाटतं.

मागच्या रविवारी भाच्याकडे हाच खेळ लावला. हेलिकॉप्टरमधून ऑफिसच्या काचांवर गोळ्या सुटतात त्या जागी चित्र अक्षरशः गोठलं. सेकंदाला बारा-पंधरा फ्रेम, म्हणजे चित्रं. माझ्या आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर तीच जागा पन्नासच्या वर चालते! पर्याय बंद केला तर नव्यावर सगळं लोण्यासारखं. भाचा म्हणाला, "मामा, बंदच ठेवूया. फरक काय पडतोय?"

मला पडतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सौद्याच्या वेळी पोती सोडतात तेव्हा वरच्या पत्र्यातून येणाऱ्या उन्हात पिवळी धूळ तरंगत असते. त्यातून कोणी चालत गेलं की ती त्याच्यामागे वळते, भोवरा करते, मग हळूहळू बसते. बहुतेक खेळांत धूर म्हणजे आधी काढून ठेवलेलं चित्र, तुम्ही त्यातून गेलात तरी त्याला पत्ता नसतो. हार्डवेअर फिजिक्सवाल्या खेळांत त्याला पत्ता असतो. एवढ्यासाठी मला तो पर्याय चालू हवा आहे.

तर दोन प्रश्न. नवं महाग कार्ड जुन्याच्या मागे का पडतंय? आणि मुळात हे चालू ठेवावं का?

---

गण्या_मिरज
१३ डिसेंबर, रात्री १०.०२

दादा, बंद करा आणि मोकळे व्हा. मी कायम बंदच ठेवतो. खेळताना समोरचा दिसला पायजे, कागद उडतोय का प्लॅस्टिक हलतंय हे बघायला वेळ कुणाला हाय? मी रात्री व्हॅलोरंट खेळतो, त्यात एक फ्रेम पडली तरी कळतं.

माझं कार्ड एएमडीचं हाय, आरएक्स ६६००. त्यावर ह्यो पर्याय चालतो का ते पण सांगा कुणीतरी.

---

जुना_प्रोसेसर (कराड)
१३ डिसेंबर, रात्री १०.५०

गणेशराव, व्हॅलोरंटमध्ये हा पर्यायच नाही, त्यामुळे तिथे चालू-बंदचा प्रश्न येत नाही. स्पर्धेच्या खेळांत तुमचं म्हणणं रास्त आहे. पण कृष्णाकाठ विचारतायत ते एकट्याने, निवांत खेळायच्या खेळाबद्दल.

तुमच्या एएमडीबद्दल: खेळातला फिजएक्स पर्याय चालू करता येतो, पण ते काम कार्डावर जात नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. अशा खेळांत तो बंद किंवा सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा.

मी कराडला २००१ पासून कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. हे प्रकरण सुरू झालं तेव्हापासून बघितलंय, म्हणून थोडं मागचं सांगतो. त्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

२००६ साली एजिया नावाच्या कंपनीने फक्त भौतिकीचं गणित करणारं वेगळं कार्ड बाजारात आणलं. त्याचं नाव फिजएक्स. १२८ एमबी मेमरी, साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसायचं, किंमत अमेरिकेत ३०० डॉलरच्या आसपास. चित्र काढायचं कार्ड वेगळं, हे वेगळं. आमच्याकडे ते कोणी घेतलं नाही. मी मासिकात फोटो बघितला तेवढाच. फेब्रुवारी २००८ मध्ये एनव्हिडियाने (तुमची जीटीएक्स, आरटीएक्स कार्डं हिचीच) एजिया विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, दिला की जीफोर्स ८ मालिकेपासूनची, २५६ एमबी मेमरी असलेली कार्डं तेच काम करायला लागली. वेगळ्या कार्डाची गरजच संपली.

तेव्हा दुकानात माझ्याकडे ८६०० जीटी होतं. त्याच रात्री ड्रायव्हर टाकून बघितलं. कापड हललं, मला फार आनंद झाला. पण फ्रेम निम्म्यावर आल्या, कारण चित्र काढायचं आणि गणित करायचं, दोन्ही एकाच कार्डाच्या गळ्यात. तेव्हापासून माझं मत ठरलेलं आहे: कार्डाकडे ताकद शिल्लक असेल तर चालू करावं, ते आधीच धापा टाकत असेल तर करू नये.

पण तुमचं ५०६० या खेळापुढे धापा टाकणार नाही. म्हणजे तिथे काम कार्डावर जातच नसणार. एक करा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये वरच्या 'थ्रीडी सेटिंग्ज' मेन्यूत फिजएक्सचा व्हिज्युअल इंडिकेटर दाखवायची सोय आहे. ती चालू करा, खेळ लावा आणि कोपऱ्यात 'सीपीयू' लिहून येतंय की 'जीपीयू' ते इथे सांगा.

---

कृष्णाकाठ (सांगली)
१४ डिसेंबर, दुपारी १२.१५

साहेब, आत्ताच भाच्याकडे जाऊन बघितलं. 'सीपीयू' येतंय!

कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर ५०६० निवडलं, सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. तरी 'सीपीयू'च.

आणखी एक दिसलं. काच फुटते त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर जेमतेम वीस टक्के, कार्डाचा त्याहून थोडा जास्त. दोघंही आरामात बसलेत आणि चित्र मात्र गोठलंय. हे कसं?

---

नेहा_सातारा
१४ डिसेंबर, दुपारी ३.३०

तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. त्या वीस टक्क्यांतच उत्तर आहे. प्रोसेसर एका वेळी अनेक कामं वेगवेगळ्या धाग्यांवर करतो, त्यांना थ्रेड म्हणतात. एकूण आकड्याऐवजी एकेका थ्रेडचा आलेख उघडून बघा. एकच थ्रेड शंभरला टेकलेला दिसेल, बाकीचे मोकळे.

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. खेळांकडे वळले ते या विषयामुळेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'का' ते. मिरर्स एज हा ३२ बिटचा, म्हणजे जुन्या बांधणीचा प्रोग्रॅम आहे. तो कार्डाकडून भौतिकीचं काम करून घेतो ते कुडा या एनव्हिडियाच्या व्यवस्थेतून, आणि तिचीही ३२ बिटची बाजू वापरतो. आरटीएक्स ५० मालिका २०२५ च्या सुरुवातीला आली तेव्हा त्या कार्डांसाठी ३२ बिट कुडाचा आधार काढलेला होता. त्यामुळे खेळाने विचारलं की कार्ड 'हे माझ्याकडे नाही' म्हणतं आणि काम प्रोसेसरवर येतं. तुमच्या १०५० टीआयवर तो आधार आहे. म्हणून जुनं कार्ड पुढे. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मग सहा कोअरचा नवा प्रोसेसर का कमी पडावा? कारण त्या काळच्या फिजएक्सचा प्रोसेसरसाठीचा कोड मुख्यतः एकाच थ्रेडवर चालायचा आणि एक्स८७ नावाच्या जुन्या पद्धतीच्या सूचना वापरायचा. एका वेळी एक आकडेमोड. आठ माणसं रांगेत उभी आहेत आणि फावडं एकच, अशी गत. २०११ मधल्या ३.० आवृत्तीत ते पुन्हा लिहिलं गेलं, पण आधीच्या खेळांच्या पोटात जुनाच कोड आहे.

आता ते गणित असतं तरी काय. कापड म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदू शेजारच्याला स्प्रिंगसारखा बांधलेला. गुरुत्व, वारा, स्प्रिंगांची ओढ यांची बेरीज करायची, बिंदू कणभर सरकवायचा, आणि हे हजारो बिंदूंसाठी करायचं. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात चित्रही काढायचं, आवाजही द्यायचा, शत्रूलाही चालवायचं. सूत्र सगळ्या बिंदूंना तेच, म्हणून शेकडो छोटी गणकयंत्रं एकदम चालवणारं ग्राफिक्स कार्ड यात सरस ठरतं. वर्गातल्या साठ मुलांना एकच उदाहरण वेगवेगळे आकडे घालून दिलं तर सगळी एका वेळी सोडवतात, तसं.

आणि चित्र हळूहळू मंद न होता एकदम का गोठतं, तेही सांगते. हे गणित ठरावीक छोट्या पावलांनीच करावं लागतं. पाऊल मोठं घेतलं तर स्प्रिंग ताणली जाऊन कापड चारी दिशांना उधळतं. एखादी फ्रेम लांबली की राहिलेला वेळ भरून काढायला अनेक खेळांची इंजिनं (आतली मुख्य यंत्रणा) पुढच्या फ्रेममध्ये जास्त पावलं टाकतात. जास्त पावलं म्हणजे जास्त काम, म्हणून ती फ्रेम आणखी लांबते. कर्ज फेडायला कर्ज काढल्यासारखं.

उपाय आहे, आणि ताजा आहे. या महिन्याच्या ४ तारखेला एनव्हिडियाचा ५९१.४४ हा ड्रायव्हर आला. त्यात ५० मालिकेवर काही निवडक ३२ बिट खेळांसाठी फिजएक्सचा आधार परत दिलाय. मिरर्स एज त्या यादीत आहे. शिवाय बॉर्डरलँड्स २, माफिया २, मेट्रो २०३३, मेट्रो: लास्ट लाइट, ॲलिस: मॅडनेस रिटर्न्स, ॲसॅसिन्स क्रीड ४, आणि बॅटमॅनचे अर्कम सिटी व अर्कम ओरिजिन्स. तुमच्या भाच्याचा ड्रायव्हर दिवाळीतला असणार. तेवढा बदलून बघा.

---

गण्या_मिरज
१४ डिसेंबर, दुपारी ४.१०

मॅडम, लै भारी समजावून सांगितलं. फावड्याचं तर पटकन डोक्यात बसलं.

पण एक विचारू का? एवढं सगळं करून दिसतं काय शेवटी? प्लॅस्टिक हललं काय, न हललं काय, गोष्ट तीच, शेवट तोच.

---

नेहा_सातारा
१४ डिसेंबर, संध्याकाळी ६.५५

प्रश्न योग्य आहे. या खेळांत हार्डवेअरवर चालणारं भौतिकी जवळजवळ सगळं दिखाव्यापुरतंच असतं, कारण ज्यांच्याकडे तसं कार्ड नाही त्यांनाही तोच खेळ खेळता आला पाहिजे. दार उघडणं, पेटी ढकलणं असलं खेळ बदलणारं काम तेव्हाही प्रोसेसरवरच व्हायचं आणि आजही बहुधा तिथेच होतं. युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनलेला थ्रीडी खेळ तुम्ही खेळला असाल, तर त्यातही फिजएक्स आहे. फक्त प्रोसेसरवर, गुपचूप. त्याला वेगळा पर्याय नसतो.

म्हणून 'जिंकायला उपयोग होतो का' असं विचाराल तर नाही. पण जागा खरी वाटते का, याला होतो. पावसाळ्यात पाटणजवळ सडावाघापूरला उलटा धबधबा बघितलाय का? पठाराच्या कड्यावरून पाणी खाली पडायला निघतं आणि दरीतून चढणारा वारा ते परत वर उडवतो. आपण काठावर उभे राहून खालून येणाऱ्या पावसात भिजतो. तिथे मी दरवर्षी मुलांना एक गोष्ट दाखवते. मोठे थेंब खाली जातात, बारीक तुषार वर येतात. थेंब जितका लहान तितकं त्याच्या वजनाच्या मानाने हवेचं ओढणं जास्त. एकाच वाऱ्यात दोन दिशा!

खेळात फिजिक्स चालू केल्यावर मी हेच बघते. वारा आला की सगळे कण एकसारखे एकीकडे पळाले तर काम उरकलंय. जड तुकडा जागीच राहिला, कागद उडाला आणि धूर त्याच्या कडेने वळला, तर कोणीतरी मन लावून केलंय. अर्कम ॲसायलममध्ये ऑफिसात जमिनीवर विखुरलेले कागद आहेत. बॅटमॅन पळाला की त्याच्या मागे उडतात. पर्याय बंद केला की ते कागद तिथे असतच नाहीत. रिकामी, झाडून काढलेली फरशी! ती जागा म्हणजे उद्ध्वस्त झालेलं वेड्यांचं इस्पितळ आहे. तिथे झाडलेली फरशी खटकते.

---

हरिपूर_संगम
१४ डिसेंबर, रात्री ८.२०

नेहाताई, ५९१.४४ च्या यादीत ॲसायलम नाही ना?

---

नेहा_सातारा
१४ डिसेंबर, रात्री ८.३१

नाही. नेमका तोच नाही. २०२६ च्या सुरुवातीला त्याचाही आधार द्यायचा बेत आहे असं त्या ड्रायव्हरबरोबरच जाहीर केलंय. तोवर ५० मालिकेवर तो प्रोसेसरवरच चालणार.

---

कृष्णाकाठ (सांगली)
१४ डिसेंबर, रात्री ९.०५

अरेरे, मिरर्स एजनंतर भाच्याला तोच दाखवायचा होता.

मग असं केलं तर? माझं १०५० टीआय काढून त्याच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं कार्ड म्हणून बसवायचं. चित्र ५०६० काढेल, भौतिकी १०५० बघेल. कंट्रोल पॅनेलमध्ये कार्ड निवडायची सोय आहेच. जुन्या कार्डाला कामही मिळेल.

---

हरिपूर_संगम
१४ डिसेंबर, रात्री १०.४०

होतं असं, मी करून बघितलंय. याच वर्षी मित्राच्या ५० मालिकेच्या कार्डाशेजारी जुनं १०५० टीआय लावलं होतं. ३२ बिटचे खेळ त्या जुन्याने बिनबोभाट चालवले. म्हणून अडचणी आधी सांगतो, म्हणजे उगाच खटाटोप नको.

पॉवरची काळजी नको. १०५० टीआय साधारण ७५ वॉटचं, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतं. ५०६० चे १४५. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय असला तर पुरे. बोर्डावर दुसरा लांब स्लॉट आहे का ते बघा. तो बहुधा कमी लेनचा, म्हणजे कमी वेगाचा असतो, पण भौतिकीला तेवढं चालतं. दोन कार्डांमध्ये हवा जायला जागा हवी. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला जातो, तेव्हा वरच्या कार्डाचा पंखा खालच्याच्या गरम पाठीला चिकटून फिरणार असेल तर नको.

खरी मेख ड्रायव्हरमध्ये आहे. विंडोजमध्ये दोन्ही एनव्हिडिया कार्डांना एकच ड्रायव्हर लागतो. १०५० टीआय पास्कल पिढीचं. त्या पिढीला खेळांचे नवे ड्रायव्हर ५८० च्या शाखेपर्यंतच मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते थांबले. आता २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त सुरक्षेचे येत राहतील. ५९० च्या पुढच्या ड्रायव्हरला ते कार्ड ओळखूच येत नाही. आणि नेहाताई सांगतायत तो ५९१.४४ आहे.

म्हणजे दोन वाटा. ५९१.४४ टाकलात तर ५०६० एकट्याने यादीतले खेळ चालवेल, पण शेजारी १०५० चालणार नाही. ५८० वर राहिलात तर दोन्ही कार्डं चालतील, ॲसायलमसकट सगळे ३२ बिट खेळ जुन्या कार्डावर भौतिकी करतील, पण नव्या खेळांसाठीच्या सुधारणा भाच्याला मिळणार नाहीत. दोन्ही एका वेळी जमत नाही. मी दोन रात्री घालवल्यात त्यात.

ट्युरिंग पिढीचं जुनं कार्ड असेल, उदाहरणार्थ जीटीएक्स १६५०, तर ते दोन्हीकडे चालतं. पण यासाठी म्हणून विकत घेऊ नका. पडून असेल तरच.

---

जुना_प्रोसेसर (कराड)
१५ डिसेंबर, सकाळी ७.३०

हरिपूरकरांनी मोलाचं लिहिलं. गिऱ्हाइकांना मीही हेच सांगतो की यावर पैसे खर्च करू नका. यातले बहुतेक खेळ २००९ ते २०१३ मधले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेवढ्यासाठी कार्ड घेणं म्हणजे एका सणासाठी नवीन चूल घालणं.

एक गोंधळ मात्र दूर करतो, दुकानात रोज भेटतो म्हणून. बटणं दोन आहेत. खेळाच्या सेटिंगमधलं बटण ठरवतं की कागद, धूर, काच हे सगळं दाखवायचं की नाही. कंट्रोल पॅनेलमधलं ठरवतं की ते गणित कोणी करायचं. लोक कंट्रोल पॅनेलमध्ये कार्ड निवडतात आणि खेळात काही बदललं नाही म्हणून फोन करतात. खेळात चालू केल्याशिवाय काही दिसणार नाही. आणि एकच कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'ऑटो सिलेक्ट' ठेवा, तिथे हात लावायची गरज नाही.

दुसरं, खेळात 'नॉर्मल' आणि 'हाय' अशा पायऱ्या असतील तर आधी नॉर्मल. दहा मिनिटं धावपळीच्या, स्फोटांच्या जागी खेळा. उभं राहून आकडे बघू नका. उभं राहिलं की सगळी कार्डं चांगलीच दिसतात.

---

गण्या_मिरज
१५ डिसेंबर, दुपारी १.२०

काका, मॅडम, माझं मत थोडं बदललं. भावाच्या लॅपटॉपला १६५० हाय. त्यावर बॉर्डरलँड्स २ लावला, फिजएक्स आधी लो, मग हाय. ॲसिडच्या बंदुकीने मारलं की जमिनीवर हिरवं पाणी सांडतं आणि उतारावरून वाहत जातं! लो वर फक्त उडाल्यासारखं होतं आणि संपतं. मी मारामारी सोडून दहा मिनिटं उतारावर पाणीच सांडत बसलो.

लढाईत मात्र जाम झालं, म्हणून मिडियमवर आणलं. तिथं बरं चालतंय.

माझ्या एएमडीवर लो च ठेवणार.

---

नेहा_सातारा
१५ डिसेंबर, रात्री ९.१०

उतारावर पाणी सांडत बसणं हाच माझ्या लेखी या विषयाचा अभ्यास. वर्गात मी द्रवाचा प्रवाह शिकवते तेव्हा समोरच्या चाळीस डोळ्यांत झोप असते. असं काहीतरी दाखवता आलं तर किती बरं होईल, असं नेहमी वाटतं.

अजून एक सांगते, कारण हे तंत्र जुनं होऊन संपलं असं कोणाला वाटू नये. फिजएक्सचा मुख्य कोड २०१८ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला आणि कार्डावर चालणाऱ्या भागाचाही या वर्षी एप्रिलमध्ये. कोणीही वाचावा, बदलावा. आज त्याच्याच नव्या आवृत्तीवर यंत्रमानवांचे आभासी सराव चालतात. पेला उचलताना बोटं किती आवळायची, निसरड्या फरशीवर पाय कसा टाकायचा, हे खऱ्या यंत्राला शिकवण्याआधी कॉम्प्युटरमधल्या यंत्राला हजारो वेळा शिकवतात. काच फुटताना बघायची म्हणून केलेलं गणित तिथवर गेलंय. कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याला हे सांगा. इंजिनिअरिंगला आहे ना, कोड उघडून बघू दे.

---

कृष्णाकाठ (सांगली)
१८ डिसेंबर, रात्री ११.२५

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. आता काय झालं ते सांगतो.

भाच्याच्या कॉम्प्युटरवर ५९१.४४ टाकला. आधीचा ड्रायव्हर ऑक्टोबरचा होता. मिरर्स एज लावला, कोपऱ्यात 'जीपीयू' आलं! हेलिकॉप्टरची जागा आली. काचा फुटल्या, तुकडे टेबलांवरून घरंगळले, आणि चित्र एकदाही अडखळलं नाही. भाचा काही बोलला नाही, पण तिथून पुढे जायच्या ऐवजी वळला आणि उरलेल्या काचा स्वतःच फोडायला लागला.

मधे एक अडचण आली तीही नोंदवतो, पुढे कोणाला उपयोग होईल. पहिल्या वेळी एका जागी थोडा झटका बसत होता. खेळाच्या फोल्डरमध्ये त्याच्याबरोबर आलेल्या फिजएक्सच्या जुन्या फाइल्स असतात. त्यांची नावं बदलून ठेवली, म्हणजे खेळ विंडोजमध्ये बसवलेल्या नव्या फाइल्स वापरतो. झटका गेला. फाइल्स पुसल्या नाहीत, नुसती नावं बदलली, म्हणजे बिघडलं तर परत करता येतं.

अर्कम सिटीही लावून बघितला, फिजिक्स हाय वर. बर्फातला धूर, लोंबणारी कापडं, भिंतीच्या ढलप्या, सगळं आहे.

दोन कार्डांचा बेत सोडला. हरिपूरकरांनी सांगितलं नसतं तर मी रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो असतो. भाच्याला नवे खेळही खेळायचे आहेत, त्याला ५८० वर अडकवणं बरोबर नाही. १०५० टीआय माझ्याच कॉम्प्युटरमध्ये राहणार, ड्रायव्हर ५८० चाच. ॲसायलम तिथे खेळू.

काल रात्री तेच केलं. भाचा माझ्याकडे जेवायला आला होता, भडंग घेऊन बसलो. ऑफिसातल्या कागदांपाशी आलो तेव्हा तो म्हणाला, मामा, मागे जा, पुन्हा पळ. चार वेळा पळालो. मग तो म्हणाला, बंद करून दाखव. बंद करून परत त्या जागी आलो. फरशी रिकामी. म्हणाला, चालू कर.

---

हरिपूर_संगम
१९ डिसेंबर, सकाळी ८.०५

वाचून बरं वाटलं. त्या १०५० ची चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली आहे का कधी? आठ वर्षं म्हणजे वाळली असणार. रविवारी मी विश्रामबागला येणार आहे, पेस्टची ट्यूब आहे माझ्याकडे. अर्ध्या तासाचं काम आहे.

---

कृष्णाकाठ (सांगली)
१९ डिसेंबर, सकाळी ८.४०

नाही बदलली कधी. या, जरूर या. सकाळी दहानंतर घरीच आहे. फोन नंबर खासगी निरोपात पाठवतो.